घामाला पहारेकरी नसतो

आमच्या घरमालकांना कुणी "काय काका, बरं आहे ना?" असं विचारलं, तर ते आधी स्वतःचा तळहात बघत आणि मग उत्तर देत. तळहात कोरडा असला तर "बरं आहे" म्हणत. ओलसर असला तर "पाहावं लागेल" म्हणून पुढं चालू लागत. नागपूरच्या हनुमाननगरात सगळे त्यांना काटेवाले काका म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही. त्याचा त्यांना अभिमानच होता. तोंडावर एक आणि पाठीमागे दुसरं असं नाव नसलेला या मोहल्ल्यात मी एकटाच, असं ते सांगत.

हे सत्तरच्या दशकातलं. काका तार ऑफिसातून रिटायर झालेले, विधुर, मूलबाळ नाही. उंच, वाळका देह, अंगात बंडी आणि कानामागे पेन्सिल असावी तसा स्क्रू फिरवायचा पेचकस. सकाळी अंघोळ झाली की देवापुढे हात जोडायचे आणि तसेच पुढच्या खोलीत जाऊन मशीनवरचा कपडा काढायचे. दोन्हीकडे तेवढाच वेळ लागायचा.

मशीन त्यांनी इतवारीच्या भंगारातून एकेक वस्तू आणून जोडली होती. दोन पितळी पट्ट्या नाड्यानं बोटांना बांधायच्या, छातीभोवती सायकलच्या ट्यूबचा पट्टा. त्यांच्या वायरी एका लाकडी खोक्यात जात आणि खोक्यावर काचेआड एक काटा थरथरत असे. माणसाला घाम फुटला, श्वास अडखळला, की काटा उजवीकडे पळायचा, म्हणजे तो खोटं बोलला.

एवढ्यावर थांबते तर ते काका कसले? प्रश्न विचारायला त्यांनी एक साहेब ठेवला होता. सीताबर्डीच्या कुठल्याशा कापडदुकानानं टाकून दिलेला पुतळा. एक हात नाही, नाकाचं टोक उडालेलं, अंगात काकांचा नोकरीतला जुना खाकी कोट. पोटात स्पीकर आणि पाठीमागे टेपरेकॉर्डर. आवाज काकांचाच, पण टेप हळू फिरवून असा जड केलेला की विहिरीतून कुणी बोलावं. "आपले... संपूर्ण... नाव... सांगा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

"पुतळा काहून, काका? तुम्हीच विचारा न," असं मी एकदा म्हणालो होतो.

"मी विचारलं तर तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहाल," काका म्हणाले. "माझ्या तोंडाला काय पाहिजे ते पाहाल अन् तेच द्याल. माणूस माणसाच्या तोंडावर खरं बोलूच शकत नाही, लाजतो. याच्या तोंडावर काही लिहिलेलंच नाही, तर वाचाल काय?" मग आवडतं वाक्य यायचं. "जीभ बत्तीस पहारेकऱ्यांत राहते, भाडेकरू. घामाला पहारेकरी नसतो."

ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी भाडेकरू, माझी बायको बाई, दूधवाला दूधवाले, वरच्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ कॅशियर. त्या दूधवाल्यालाही त्यांनी एकदा साहेबासमोर बसवलं होतं. "दुधात... पाणी... घालता... काय?" दूधवाला म्हणाला, "घालतो न जी." काटा जागचा हलला नाही. काका इतके खूष झाले की पुढे कित्येक वर्षं तेच पाणीदार दूध घेत राहिले. शुद्ध दूध कुठंही मिळेल, शुद्ध माणूस कुठून आणायचा, असं त्यांचं म्हणणं.

हे वेड कुठून आलं ते त्यांनीच सांगितलं होतं. तार ऑफिसात आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तारा घेतल्या आणि दिल्या. आई सीरियस, बाप सीरियस. मुलगा धावत घरी यायचा, तर आई पुरणपोळ्या लाटत असायची आणि मुलगी दाखवायची ठरलेली असायची. काकांचं स्वतःचं लग्न असंच झालं. "बाप सीरियस" म्हणून रडत गाडीत बसले, तर बाप स्टेशनावर फेटा बांधून उभा. पुढे काही वर्षांनी ते दुसऱ्या गावी नोकरीला असताना यंत्र कडकडू लागलं. कागद ओढून काकांनी स्वतःच्याच हातानं तार उतरवली. नाव त्यांचंच होतं, मजकूर तोच. "हसलो मी," काका सांगत. "शेजारच्याला म्हटलं, बाबांना आता काय पाहिजे असेल? अन् ड्युटी पुरी केली." ते घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे सांगताना ते तळहात बघायचे आणि बंडीला पुसायचे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी भाडेकरूंची हजेरी असे. नाव विचारायचं, पाणी वाया घालवता काय ते विचारायचं आणि शेवटी, घरमालकाविषयी काही तक्रार आहे काय? सगळे "छे, छे, काही नाही" म्हणत आणि काटा उजवीकडे पळे. मग काका आठवडाभर घरात फिरून तक्रार शोधत. आमचं गळकं छप्पर असंच दुरुस्त झालं. मी तोंडानं कधीच सांगितलं नसतं. म्हणून त्या मशीनला नुसतं हसावं असंही नव्हतं.

पण माझ्या बाबतीत एक घोटाळा होता. काटा पहिल्याच प्रश्नाला पळायचा, नावाला.

आमचं गाव मौद्याकडचं. घरच्यांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून आम्ही बौद्ध. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला चटकन पत्ता लागत नसे. मी काकांना खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आधीची दोन बिऱ्हाडं मात्र अशीच गेली होती. पहिल्या ठिकाणी मालकिणीला आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली आणि तिचा परदेशातला भाचा अचानक परत यायला निघाला. दुसऱ्या ठिकाणी तर भर मे महिन्यात, "उद्याच्या उद्या" म्हणून. बायकोला तेव्हा दिवस गेले होते. सामान आम्हीच उचललं. मी एक ट्रंक घेतली, तिनं दुसरी. त्या आठवड्यातच ते मूल गेलं.

आता तिला पुन्हा दिवस होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, यावेळी ओझं नाही, धावपळ नाही, बिऱ्हाड हलवायचं तर नावच काढू नका. इंदोऱ्याला आपल्या माणसांत का नाही गेलो, असं कुणी विचारेल. दवाखाना इथून चालत जाण्यासारखा होता, म्हणून. ती खोली म्हणजे आमचं मूल होतं, इतकं ते सरळ होतं. तसबीर यावेळी ट्रंकेत होती. आणि दर महिन्याला तो मुडदा पुतळा माझं नाव विचारायचा. नागपुरात संपूर्ण नाव विचारतात ते नावासाठी नाही, हे काकांना ठाऊक नव्हतं. त्यांना तो सगळ्यात बिनधोक प्रश्न वाटायचा. माणूस नाव तरी खरं सांगेल, त्यावरून काटा जुळवून घ्यावा, असा त्यांचा हिशेब होता. पितळी पट्टीखाली माझं बोट चिंब व्हायचं.

"तुमचा काटा काहून हलते हो?" बायको म्हणायची. "माया तं हलत नाही."

खरंच तिचा हलत नसे. ती खुर्चीत अशी बसायची जशी भाजीवालीसमोर बसली आहे.

काकांनी मात्र या कोड्याचा ध्यास घेतला. नाव सांगताना काटा पळतो, म्हणजे नाव खोटं. एका संध्याकाळी ते दारात आले, इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "भाडेकरू, तुम्ही कोणापासून पळून राहिले काय? पोलिस-बिलिस? मला सांगा. वकील आहे माझ्या ओळखीचा."

"नाही हो काका. हेच नाव आहे माझं."

"मग काटा खोटा?" त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

वरचे कॅशियर मात्र कोड्यात पडणाऱ्यांपैकी नव्हते. गोड बोलणारा, स्वच्छ माणूस. त्यांना मशीन लागत नसे. "तुमचं कुलदैवत कुठलं म्हणालात?" "पोळ्याला गावी काय काय असतं तुमच्यात?" "सासुरवाडी कुठली? अच्छा, त्या गावात कुणाकडे?" जात हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही आणि दुसरं काही विचारलंही नाही. मी उत्तरं देताना ते पानाला चुना लावत बसायचे. त्या पुतळ्यासमोर मला घाम फुटायचा खरा, पण कॅशियरांसमोर माझं रक्त गोठायचं.

दसरा जवळ आला तसा माझा जीव टांगणीला लागला. दसऱ्याला आमची माणसं गावोगावहून दीक्षाभूमीवर येतात, पांढरे कपडे घालून. गावाकडचं कुणी आलं की शहरातल्या नातेवाइकाच्या घरी उतरणारच. बाबांचा निरोप आला होता, आम्ही पाच-सहा जण येतो, सुनेलाही पाहायचं आहे. पांढऱ्या कपड्यातली पाच-सहा माणसं दसऱ्याच्या सकाळी आमच्या फाटकातून आत येणार. मग कॅशियरांना काय विचारायचं उरणार होतं?

"त्यांना परस्परच भेटून घेऊ तिकडं," मी म्हणालो.

"काहून? सासरे सुनेले पाहाले येऊन राहिले, अन् मी त्याईले रस्त्यावर भेटू?" बायको म्हणाली. "मी नाही भेटत. घरात येतील."

"घर राहिलं तर."

ती पोटावर हात ठेवून बसून राहिली. तिलाही भीती होती, पण ती माझ्यासारखी हातापायांतून बाहेर पडत नसे.

त्या महिन्याच्या हजेरीआधी कॅशियरांनी काकांच्या कानात मंत्र फुंकला. ते काकांनीच निरागसपणे मला सांगितलं. "कॅशियर म्हणाले, आणखी एक प्रश्न टेपवर घाला, कोडं सुटेल. जात कोणती, एवढंच. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं हो! घातला मी." जणू रेडिओचा नवा व्हॉल्व्ह सापडला होता त्यांना. मी कसाबसा हसलो.

घरी येऊन मी ट्रंका मोजून पाहिल्या आणि कोण उचलायला येईल त्याचा विचार करू लागलो. बायकोनं ते पाहिलं.

"रविवारी मी बसते खुर्चीत," ती म्हणाली. "घरातला कोणी एक बसला तं चालते न?"

"तुला या दिवसांत... नको."

"तुमी बसले तं काटा तुटून पडन," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ती गेली, मी मागोमाग. दाराशी कॅशियर उभे होते, हातात वर्तमानपत्र, उघडलेलं पण वाचत नसलेलं. काकांनी तिला ट्यूबचा पट्टा लावला नाही. "बाई, तुम्ही नुसत्या पट्ट्या बांधा," म्हणाले. तिनं त्या आपल्या हातानं बांधल्या. काकांनी बटण दाबलं. साहेबाच्या पोटात खरखर झाली.

"आपले... संपूर्ण... नाव... सांगा."

तिनं सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. काटा स्थिर.

"आपली... जात... कोणती?"

मला कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. मी भिंतीला हात टेकला.

"जात नाही," ती पुतळ्याकडे बघून म्हणाली. "जे होती ते माया सासऱ्यानं छप्पन साली सोडली. आमी बौद्ध आहो."

काका काट्यावर ओणवे झाले होते. काटा हललाच नाही. ते आनंदानं ओरडले, "बिलकुल नाही! बिलकुल हलला नाही! अगदी दूधवाल्यासारखा!" मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद थांबला. ती काय म्हणाली ते त्यांना आत्ता ऐकू आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅशियरांकडे पाहिलं आणि तळहात बंडीला पुसला.

"असं काय," ते म्हणाले. "म्हणून नावाला हलत होता."

कॅशियरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "आमचं काही नाही हो," ते म्हणाले, "पण बाकीच्या लोकांचा विचार करावा लागतो."

बायको खुर्चीतून उठली. पट्ट्या सोडून तिनं हातात धरल्या. "आता काका, तुमी बसा."

"मी?"

"आमचं खरं निघालं न? आता तुमचं निघू द्या."

मशीनला नाही म्हणणं काकांना जमतच नसे. ते बसले. एका हातानं त्यांना नाडा बांधता येईना, म्हणून बायकोनं त्यांची बोटं धरली आणि पट्ट्या बांधल्या. तिनं बोटं धरली तेव्हाच काटा थरथरला. मी पाहिलं. तिनंही पाहिलं असणार. साहेबाकडं हा प्रश्न नव्हता, म्हणून तिनंच विचारला. "काका, आमी इथं राहू काय? तुमची काही हरकत नाही न?"

"राहा की," काका लगेच म्हणाले. "माझी कसली हरकत?"

काटा उजवीकडे गेला आणि काचेच्या कडेला जाऊन टेकला.

काका त्या काट्याकडे असे बघत राहिले जसं कुणी त्यांच्याच घरातून अनोळखी माणूस बाहेर पडताना पाहावं. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता.

"झालं तर," कॅशियर म्हणाले. "तुमची मशीनच सांगते आहे."

"हो," काका म्हणाले. "सांगून राहिली." मला वाटलं, मशीन बिघडली म्हणतील आणि वेळ मारून नेतील. मीही तेवढंच मागत होतो. पण ते म्हणाले, "काटा बरोबर आहे, बाई. हरकत आहे. मला वाटत होतं माझ्यात असलं काही नाही. चार लोकांत सांगतही होतो तसं. पण आहे."

बायकोचा हात पोटाकडे गेला.

"मग महिनाभराची मुदत द्या त्यांना, रीतसर," कॅशियर म्हणाले.

"त्यांना काहून?" काका एकदम चिडले. मी त्यांना चिडलेलं तेव्हाच पाहिलं. "हरकत माझ्या पोटात आहे न? मग तिचं काय करायचं ते मी पाहीन. यांनी काहून घर सोडायचं? तुम्ही राहा, बाई. हे मी काट्याला विचारून नाही सांगत."

मी खोलीत येऊन ट्रंकेवर बसलो आणि रडलो. बायको म्हणाली, "उठा, मले पानी द्या." मग तीही रडली.

दसऱ्याला बाबा आणि गावची मंडळी आली, पांढरी शुभ्र. काका फाटकाशी होते. "उजवीकडची खोली," एवढं म्हणाले आणि आत गेले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. बायकोनं तसबीर काढून भिंतीला लावली. पुढच्या महिन्यात कॅशियरांनी बिऱ्हाड हलवलं. वरची खोली बरेच दिवस रिकामी राहिली, काकांच्या चुलत बहिणीनं त्यांच्याकडे येणं सोडलं. त्याविषयी काका कधी बोलले नाहीत. माझा काटा नावाला पळायचा तो पळतच राहिला, आता लपवायचं काही नसूनही. अजूनही बँकेत कुणी पूर्ण नाव विचारलं की मी तळहात पुसतो.

त्या दिवसानंतर काका रविवारी आमच्याकडे येऊ लागले. बसायचे. बायको समोर चहा ठेवायची. ते कपाकडे बघत राहायचे, चहावर साय धरायची आणि मग म्हणायचे, "आज नाही होत, बाई." आणि उठून जायचे.

मला संताप यायचा. माणसाच्या हातचा चहा घशाखाली उतरायला एवढी तपश्चर्या? "ठेवू नकोस पुढच्या रविवारपासून," मी म्हणालो. "आपण काय त्यांच्या परीक्षेला बसलो आहोत?"

"परीक्षा त्याईची आहे," ती म्हणाली. "माया घरी आलेल्याले चहा भेटते. प्यायचा का नाही ते त्याईनं पाहावं. अन् ते नाही होत म्हणून तोंडावर सांगतात तरी. पोट बिघडलं म्हणत नाहीत."

डिसेंबरात आम्हाला मुलगी झाली, त्याच खोलीत आणली. काका बघायला आले. लांबूनच पाहिलं, तिच्या मुठी उघडून तळहात दाखवायला लावला आणि "कोरडा आहे" म्हणाले. चहा तसाच राहिला. थंडी सरली. पुढचे कित्येक रविवार तसेच गेले आणि दर रविवारी तो कप ठेवला की मी काकांकडे बघत राहायचो. आज उठतील आणि परत येणारच नाहीत, असं वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडी एक दिवस मुलगी रडत होती म्हणून बायको तिला खांद्यावर घेऊन फिरवत होती. माझं लक्ष तिकडं होतं. कप बशीवर वाजला म्हणून मी वळून पाहिलं. काकांनी डोळे मिटले होते, कडू काढा घ्यावा तसे, आणि चहा पीत होते. कप खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. बायको थांबली. मुलगीही नेमकी गप्प झाली. मी वाट पाहत उभा, आता काय म्हणतात म्हणून.

काकांनी डोळे उघडले, मिशी पुसली आणि सरळ बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

"साखर कमी आहे, बाई," ते म्हणाले.

"इतक्या महिन्यानं पिले, अन् साखर कमी?" बायको म्हणाली. तिनं मुलीला माझ्याकडे दिलं आणि साखरेचा डबा काढायला वळली.